मीटरवरचं जुनं स्टिकर काढताना

मित्रा, बाइकच्या मीटरवरचं जुनं स्टिकर कसं काढू म्हणून विचारलंस, तर आधी एक लक्षात घे. यामाहा आरएक्स १०० च्या मीटरची ‘काच’ प्लास्टिकची असते. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर यांच्या वाटेला जाऊच नकोस. माझ्या पहिल्या गाडीवर मी थिनरचा बोळा फिरवला. स्टिकर निघालं, पण काच कायमची दुधाळ झाली. वेग चाळीस की साठ, ते अजून अंदाजानेच ठरवतो.

सध्या एवढंच कर:

- हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर लांबून फिरवत राहा. बोटाला सोसेल इतपतच गरम.
- कोपरा नखाने उचल, मागे दुमडून काचेलगत हळूहळू ओढ. ब्लेड, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. फार तर जुनं एटीएम कार्ड.
- उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल लाव आणि अर्धा तास विसरून जा. मग बोटाने चोळ, वळ्या होऊन निघतात. शेवटी साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं मऊ फडकं. कोरड्या फडक्याने धूळ रगडलीस की चरे पडलेच.

वरून पाणी ओतू नकोस, कडेच्या फटीतून आत शिरलं तर आतून वाफ धरते. मीटर उघडणं, पॉलिश वगैरे नंतर बघू. आधी कोपरा सुटतोय का ते सांग.