'१९८४'मधला पेपरवेट शेवटी फुटतोच, मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

तुमचा प्रश्न असा: ऑरवेलच्या '१९८४'मध्ये (कादंबरी १९४९ची) हुकूमशाही राजवटीत नोकरी करणारा विन्स्टन जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक काचेचा पेपरवेट घेतो, जिवापाड जपतो, आणि धरपकडीत तो फोडला जातो. मग एवढ्याशा काचेला इतकं महत्त्व का?

गाइडमधलं उत्तर तयार आहे. आतलं गुलाबी प्रवाळ म्हणजे विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया, भोवतीची काच म्हणजे त्यांची भाड्याची खोली. काच फुटली, संसार संपला. खोटं नाही. पण हे तर विन्स्टनच कादंबरीत मनाशी म्हणतो. त्यानं सांगितलेलं आपण पुन्हा उतरवून काढलं, तर आपण वाचलं काय?

मी परभणीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. मला विचाराल तर खरेदीचा प्रसंग परत वाचा, आणि त्याच्या आधीची चार पानंसुद्धा. दुकानात शिरण्याआधी विन्स्टन एका दारूच्या गुत्त्यात जातो. तिथं एक म्हातारा एक पाइंट बिअर मागतोय आणि पोऱ्या त्याला वेड्यात काढतोय. पाइंट म्हणजे काय? इथं लिटर आणि अर्धा लिटर मिळतं. पुढं दुकानात पेपरवेटची किंमत चार डॉलर ठरते. दुकानदार चॅरिंग्टन म्हणतो, एके काळी ह्याचे आठ पौंड आले असते. पण आठ पौंड म्हणजे आज किती, ते त्याला सांगता येत नाही. माप गेलं, चलन गेलं, आणि ज्यांना आठवतंय त्यांना हिशेब जुळवता येत नाही.

इथं मला माझी आजी दिसते. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा. इंग्रजांच्या रुपयाला आमच्याकडं कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. सप्टेंबर १९४८ला पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढं हालीही चलनातून गेली. आजीला काळ सांगायचा असला की ती साल सांगायची नाही. "ॲक्शनच्या आधी" किंवा "ॲक्शनच्या नंतर", एवढंच तिचं कॅलेंडर.

तिच्याकडं चांदीचा एक हाली रुपया होता. एका बाजूला चारमिनार, मधल्या कमानीत उर्दूतलं ऐन हे अक्षर, शेवटच्या निजामाचं, उस्मान अलीचं. बाकीचे रुपये १९७२च्या दुष्काळात सराफाकडं गेले. ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचा कोरडा खाऊ, मिळायची, ती पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. हा एक रुपया मात्र तिनं विकला नाही. का, ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "ह्याला आता काय येत न्हाई बाळा. पर असू दे." आणि परत चिंधीत गुंडाळून, पेटीत कुंकवाच्या डबीशेजारी.

"ह्याला आता काय येत न्हाई" हीच तर त्या पेपरवेटची खासियत. विन्स्टनला तो जास्त भावतो तो निरुपयोगी दिसतो म्हणून. त्याचं नोकरीतलं काम म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर दुरुस्त करणं, म्हणजे खोटा करणं. पूर्वी एकदा त्याच्या हाती खराखुरा पुरावा लागला होता. तीन जुने नेते ज्या दिवशी शत्रूच्या भूमीवर असल्याची कबुली देत होते, त्या दिवशीचा त्यांचा दुसरीकडचाच फोटो. तो विन्स्टननं काही मिनिटांत स्वतःच्या हातानं भिंतीतल्या 'स्मृतिविवरात' टाकला. ज्यात बोलणारं काही आहे, ते बदलता येतं, जाळता येतं. पेपरवेटवर एक अक्षर नाही. तो ज्युलियाला सांगतो, हा सत्ताधाऱ्यांच्या हातून बदलायचा राहून गेलेला इतिहासाचा तुकडा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा निरोप, फक्त वाचता यायला हवा.

आणि त्यालाच तो वाचता येत नाही. घडवणारा कोण, कुणाच्या टेबलावर होता, काही माहीत नाही. शिवाय घेतला कुणाकडून? चॅरिंग्टन पोलिसांचा माणूस, दुकान म्हणजे लावलेला पिंजरा. ठेव म्हणून जवळ केली ती वस्तूसुद्धा त्यांच्याच फळीवरची! ऑरवेलची ही चाल मला पहिल्या वाचनात कळली नव्हती. दुसऱ्यांदा कळली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

तरीही पेपरवेट एक काम करून जातो. विन्स्टनला एक स्वप्न पडतं आणि ते सगळं त्या काचेच्या आत घडतं, काचेचा घुमट म्हणजे आभाळ. त्यातून त्याला लहानपण आठवतं. रेशनचं चॉकलेट, त्यानं धाकट्या बहिणीच्या हातून हिसकावलेला तिचा वाटा, आणि रडणाऱ्या लेकराला जवळ ओढणारा आईचा हात. त्या हातानं चॉकलेट परत येणार नव्हतं, मरण टळणार नव्हतं, तरी तो पुढं झाला. हे वाचलं की मला पदराची गाठ सोडून सुकडी काढणारा आजीचा हात दिसतो. माझं उत्तर खरं तर इथंच आहे. पेपरवेटनं त्याला आई परत दिली.

आता 'फुटतोच'बद्दल. शिपाई तो चुलीपुढच्या दगडावर आपटतो, प्रवाळाचा तुकडा घरंगळत जातो, आणि विन्स्टनच्या मनात येतं, किती लहान होतं हे! बरेच जण इथं डोळे पुसतात. मला मात्र घाव शेवटच्या प्रकरणात बसतो. तेव्हा काच कधीच गेलेली असते. छळानं मोडून सोडून दिलेल्या, कॅफेत बसलेल्या विन्स्टनला अचानक एक दुपार आठवते. आई, बहीण, सापशिडी, हसणं. आणि तो ती झटकून टाकतो, खोटी आठवण म्हणून. आठवणीवर हातोडा त्यानं स्वतःच घातला, कुणी शिपाई आला नव्हता.

आजी गेल्यावर तो रुपया माझ्याकडं आला. मधे थोरल्या भावाशी बोलताना विषय निघाला, तर तो म्हणतो आजी खडी फोडायला गेलीच नव्हती. कामावर आत्या जायची, आणि हा रुपया तर दादांनी जत्रेत विकत आणला होता. मी चिडलो. नंतर जाणवलं की रुपया दोघांपैकी कुणाचीच बाजू घेणार नाही.

आमच्या कॉलेजात उर्दू शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, नाणं खिडकीशी धरून वाचलं: एक रुपया, हैदराबादची टांकसाळ, हिजरी साल तेराशे आणि पुढं काहीतरी. शेवटचे दोन आकडे पार झिजलेत. "कुणीतरी अंगठ्यानं सारखं चोळलंय सर, हे," ते म्हणाले.