तुमचे प्रश्न: फार्मा एजन्सीच्या सर्व्हिसिंगमध्ये आयुष्य काढता येतं का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाशिकची, बी.फार्म झालंय, गेली तीन वर्षं अंधेरीच्या एका हेल्थकेअर एजन्सीत, म्हणजे औषध कंपन्यांचं जाहिरातीचं साहित्य बनवणाऱ्या एजन्सीत, अकाउंट एक्झिक्युटिव्ह आहे, क्लायंट सांभाळायचं सर्व्हिसिंगचं काम. घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही मी काय करते, आई नातेवाइकांना सांगते पोरगी औषधांच्या कंपनीत आहे म्हणून. दिवसभर क्लायंटचे फोन, मग डिझाइन करणाऱ्या स्टुडिओच्या मागे लागा, मग क्लायंटच्या मेडिकल टीमच्या करेक्शन्स, मग परत क्लायंट. माझ्याबरोबर लागलेले चौघंही गेले, तीन जण औषध कंपनीत पीएमटीला म्हणजे ब्रँड सांभाळणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीमला आणि एक एमबीएला. परवा एक सीनियर म्हणाले की सर्व्हिसिंग म्हणजे पोस्टमनगिरी, इकडचं तिकडे करायचं. खरंच यात वीस-पंचवीस वर्षं काढता येतात का? तुम्ही कशी काढलीत?

उत्तर: काढता येतात गं. मी १९९९ साली लागले, तेव्हा आर्टवर्क झिप डिस्कवर टाकून लोकलने क्लायंटच्या ऑफिसात न्यायचो आणि रंगीत प्रूफ चुरगळू नये म्हणून लेडीज डब्यात उभ्यानेच जायचो. अजूनही याच कामात आहे आणि अजूनही सोमवारी सकाळी जावंसं वाटतं. पण तुझ्या सीनियरचं म्हणणं अर्धं खरं आहे, या कामाची पोस्टमनगिरी होऊ शकते, आणि झाली की चार-पाच वर्षांत माणूस कंटाळून जातो. फरक एवढाच की पोस्टमनने पाकीट फोडायचं नसतं आणि तू मात्र प्रत्येक पाकीट फोडून, वाचून, समजून मगच पुढे द्यायचंस. क्लायंटने ‘पान चारवरचा ग्राफ मोठा करा’ असं लिहिलं तर तो का मोठा हवाय हे विचारल्याशिवाय स्टुडिओला फॉरवर्ड करायचं नाही. नव्वद टक्के वेळा खरी अडचण वेगळीच निघते.

मला हे कळलं कल्याणला. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, क्लायंटची परवानगी काढून मी त्यांच्या एका एमआरबरोबर, म्हणजे डॉक्टरांना भेटणाऱ्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हबरोबर, दिवसभर फिरले. संध्याकाळची ओपीडी, चपलांच्या स्टँडपाशी आठ-नऊ एमआर बॅगा घेऊन उभे, पेशंटची गर्दी संपत नाही, शेवटी डॉक्टरांनी चौघांना एकदम आत बोलावलं. आमच्या मुलाच्या वाट्याला अर्धा मिनिट आलं असेल नसेल. त्याने आमचं बारा पानी व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरला औषध समजावताना दाखवायचं पुस्तक, उघडलं, पहिलं पान दाखवलं, आणि डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, किडनीच्या पेशंटला डोस कमी करायचा का? उत्तर नवव्या पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात होतं. तो पानं उलटत राहिला, तोवर दुसऱ्या कंपनीच्या मुलाने बोलायला सुरुवात केली होती. त्या व्हिज्युअल एडच्या कव्हरचा निळा रंग कुठला असावा यावर आम्ही तीन आठवडे वाद घातला होता. खाली आल्यावर तो मुलगा मला म्हणाला, मॅडम हे पान पुढे घ्या ना. पुढच्या वेळी नवं साहित्य छापलं तेव्हा किडनीच्या डोसचा तक्ता दुसऱ्या पानावर आला, मोठ्या अक्षरात. मला विचारशील तर माझं खरं करिअर त्या संध्याकाळी सुरू झालं, कारण त्यानंतर कुठलंही काम हातात आलं की मला क्लायंटच्या ब्रँड मॅनेजरचा चेहरा दिसत नाही, तो चपलांचा स्टँड दिसतो.

वर्षातून निदान चार दिवस तरी असं फील्डवर जा. आणि प्रत्येक वेळी मुंबईतच नको, तुझ्या नाशिकच्या आसपासच्या तालुक्याच्या गावात जा, तिथले डॉक्टर वेगळे प्रश्न विचारतात. केमिस्टकडेही दहा मिनिटं उभी राहा, एमआर आरसीपीए करतो तेव्हा म्हणजे कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांवर कुठला ब्रँड येतोय हे तो केमिस्टला विचारून लिहितो तेव्हा, कान उघडे ठेव. अर्थात पेशंटची नावं, चिठ्ठ्यांचे फोटो वगैरे काही घ्यायचं नाही, ते आपलं नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ब्रँड मॅनेजर बदलतात. दोन वर्षं, फार तर तीन, मग प्रमोशन नाहीतर दुसरी कंपनी. मी एका डायबेटिसच्या ब्रँडवर अकरा वर्षं होते, तेवढ्यात सहा ब्रँड मॅनेजर झाले. प्रत्येक नवा माणूस हुशार, उत्साही, आणि प्रत्येकाला पहिल्या महिन्यात वाटतं की ब्रँडची सगळी मांडणी बदलावी. त्यांचं चुकत नाही, त्यांना मागचं माहीतच नसतं, हँडओव्हरच्या फाइलमध्ये विक्रीचे आकडे असतात पण ‘का’ नसतो. तो ‘का’ आपल्याकडे असायला हवा. मी प्रत्येक ब्रँडची एक लांब दोनशे पानी वही ठेवते. तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, कुठला स्टडी वापरला, कुठला मेडिकलने काढायला लावला आणि कशासाठी, फील्डने काय उचललं, काय बॅगेतच राहिलं. तू हवं तर लॅपटॉपवर ठेव, पण ठेव. पाचव्या ब्रँड मॅनेजरने मला मीटिंगमध्ये एक कल्पना सांगितली तेव्हा मी वही उघडून म्हटलं, सर, हे २०११ ला केलं होतं, दोन झोनमधून तक्रार आली कारण एमआरला ते एका दमात बोलता येत नव्हतं, आपण छोटं करून परत करू या का? त्या दिवसापासून ते एजन्सीला फोन करायचे बंद झाले, मला फोन करायला लागले. ब्रँडची आठवण ज्याच्याकडे असते ना, त्याला वीस वर्षं कोणी हलवत नाही.

तुझं बी.फार्म वाया चाललंय असं अजिबात समजू नकोस. पेटंट कधी संपतंय याचं कॅलेंडर भिंतीवर लाव. डायबेटिसचीच औषधं बघ, डापाग्लिफ्लोझिन ऑक्टोबर २०२० ला पेटंटमधून सुटलं, सिटाग्लिप्टिन जुलै २०२२ ला, एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ ला, आणि प्रत्येक वेळी त्याच मॉलिक्यूलचे ढीगभर ब्रँड एकदम बाजारात उतरले. या तारखा काही गुपित नसतात. ज्यांनी वर्षभर आधी अभ्यास करून ठेवला ते क्लायंटने ब्रीफ म्हणजे काय काम हवंय ते लिहायच्या आधी विचार मांडायला हजर होते, बाकीचे ब्रीफची वाट बघत बसले. आणि सर्व्हिसिंगमधली पोरगी औषध शरीरात कसं काम करतं ते समजून बोलते म्हटल्यावर मेडिकल टीमचा सूरच बदलतो बघ.

एक माझी चूकही सांगते, कारण ती लपवून तुला सल्ला देणं बरोबर नाही. लहान मुलांच्या ड्रॉप्सचं एलबीएल होतं, म्हणजे डॉक्टरच्या टेबलावर ठेवून यायचं ते पत्रक. डोसमध्ये ०.५ मिलीच्या जागी ५ मिली छापलं गेलं. शेवटच्या करेक्शनमध्ये कुणीतरी ओळ परत टाइप केली होती आणि मी फक्त सांगितलेली करेक्शन झालीय का तेवढंच बघितलं, ओळ पूर्ण वाचली नाही. तीस हजार प्रती छापून प्रेसच्या गोडाऊनला पडलेल्या. रात्री अकराला घरी फाइल कॉपी चाळताना दिसलं आणि हातपाय गार पडले. त्याच मिनिटाला ब्रँड मॅनेजरला फोन केला, मग प्रेसला, माल थांबवला, दुसऱ्या दिवशी सगळा लॉट समोर उभं राहून कापून टाकला, छपाईचा खर्च एजन्सीने भरला. एकही प्रत बाहेर गेली नाही. पण एखाद्या बाळाला दहापट औषध गेलं असतं हा विचार मला आजही सुटत नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रेसला जायच्या आधी डोसची प्रत्येक ओळ एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा मंजूर झालेल्या प्रिस्क्रायबिंग इन्फर्मेशनवर बोट ठेवून ऐकतो. कितीही घाई असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत.

पीएमटीला जाण्यात वाईट काही नाही हं, पहिली काही वर्षं माझ्या बरोबरच्यांना तिकडे माझ्यापेक्षा बराच जास्त पगार होता हे खरं आहे आणि मला ते टोचायचं. पण तिथे तुला तीन-चार ब्रँड मिळतील, इथे दहा वर्षांत हृदय, मेंदू, त्वचा, कॅन्सर, लहान मुलं सगळं हाताखालून जातं. ज्याला ज्याची ओढ. फक्त ‘सगळे गेले म्हणून’ जाऊ नकोस.

प्रश्न: मी नवी मुंबईत अकाउंट मॅनेजर आहे, आठ वर्षं झाली. एक क्लायंट हट्टाला पेटलाय की लिफलेटवर ‘पूर्णपणे सेफ’ आणि ‘नवीन’ हे शब्द हवेतच, शिवाय डॉक्टरांना द्यायला काहीतरी भारी वस्तू सुचवा म्हणतात. नाही म्हटलं तर अकाउंट जाईल अशी भीती वाटते, आमच्या साहेबांनाही वाटते. काय करावं?

उत्तर: नाही म्हणा. पण नुसतं नाही नको, कागद पुढे ठेवून म्हणा. फार्मास्युटिकल्स विभागाने १२ मार्च २०२४ ला यूसीपीएमपी म्हणजे औषधांच्या मार्केटिंगची आचारसंहिता आणली, ती स्वतः पूर्ण वाचा, फार मोठी नाहीये. ‘सेफ’ हा शब्द नुसता, कुठलीही अट न जोडता वापरता येत नाही, आणि औषधाला साइड इफेक्टच नाहीत असंही ठासून म्हणता येत नाही. ‘नवीन’ हा शब्द भारतात एक वर्षाहून जास्त काळ मिळत असलेल्या औषधाला लावता येत नाही. ब्रँड रिमाइंडर, म्हणजे ब्रँडची आठवण राहावी म्हणून पुस्तक, डायरी, कॅलेंडर असलं काही देता येतं, तेही एका वस्तूची किंमत हजार रुपयांपर्यंतच. डॉक्टरला किंवा घरच्यांना वैयक्तिक भेट नाहीच. आणि हे पाळलं असं कंपनीच्या सर्वात वरच्या अधिकाऱ्याला दरवर्षी लिहून द्यावं लागतं. ब्रँड मॅनेजरला हे शेवटचं वाक्य शांतपणे सांगा, की सर, याच्यावर तुमच्या एमडींची सही जाणार आहे. आवाज खाली येतो.

शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सांगितलंय की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला इन्कम टॅक्समध्ये वजा करून मिळणार नाही. म्हणजे तुम्ही सुचवलेल्या भारी वस्तूचा भुर्दंड त्यांच्याच फायनान्सला पडणार. हे सगळं सांगताना शिकवण्याचा आव आणू नका, त्यांच्या डोक्यावरही टार्गेट असतं, तोही बिचारा झोपलेला नसतो.

आणि रिकाम्या हाताने नाही म्हणू नका, हे फार महत्त्वाचं. ‘सेफ’च्या जागी काय लिहिता येईल ते घेऊन जा. अमुक स्टडीत इतक्या पेशंटमध्ये इतके आठवडे अमुक साइड इफेक्ट किती जणांना दिसला, संदर्भासकट. डॉक्टरला तेच हवं असतं, ‘पूर्णपणे सेफ’ वाचून डॉक्टर पत्रक उलटं करून त्यावर पेशंटचा बीपी लिहितात, मी बघितलंय. तरीही अकाउंट गेलं तर? माझं एकदा गेलं. दीड वर्षाने तोच माणूस दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथून त्याने मला बोलावलं, कारण हिच्याकडून गेलेलं काम मेडिकलमध्ये अडकत नाही हे त्याला माहीत होतं. तुमच्याबाबत असंच होईल असं वचन मी देऊ शकत नाही. पण तो शब्द छापून जाणार आणि त्याखाली औषध घेणारा माणूस आहे, एवढं साहेबांना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न: पुण्याची आहे, वय ३८. दहा वर्षं सर्व्हिसिंग केलं, मग दोन मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यात सहा वर्षं घरी. परत यायचंय. सगळं डिजिटल झालंय म्हणतात, मला जमेल का?

उत्तर: जमेल हो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एमआरना दवाखान्यात जाताच येईना, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारे छोटे व्हिडिओ, वेबिनार, टॅबवर डॉक्टरांना औषध समजावणं म्हणजे डिटेलिंग हे सगळं एकदम वाढलं आणि बरंचसं टिकलं. टूल्स महिनाभरात येतात, तिथली पोरंपोरी शिकवतात, विचारायला लाजू नका. कायद्याचं तेवढं आधी वाचा. शेड्यूल एच, एच१, एक्समधल्या म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत डायबेटिस, कॅन्सर, लठ्ठपणा असे चोपन्न विकार आहेत, ज्यांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करता येत नाही. पेपरपेक्षा मोबाइलवर या चुका पटकन होतात, कारण डॉक्टरसाठी बनवलेला व्हिडिओ पेशंटच्या ग्रुपवर पोचायला एक फॉरवर्ड पुरतो.

सासूबाईंच्या आजारपणात तुम्ही सहा वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसलात, गोळ्यांचे डबे भरलेत, डॉक्टरला घाईत काय विचारायचं राहून गेलं हे तुम्हाला माहितेय. मुलाखतीत ते लपवू नका, सांगा. आणि नोकरी लागली की पहिलं प्रूफ येईल ते पेन्सिल घेऊन बसा, डोसच्या ओळीपासून सुरू करा.