रंगपटातून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जिगली कॅलिएन्टे गेल्याची बातमी वाचली, तेव्हा तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. नंतर ‘ड्रॅग रेस फिलिपिन्स’ पाहिलं आणि परीक्षकांच्या खुर्चीवरची ती बाई मनातून जाईना. ती स्वतः तर कधी स्पर्धा जिंकली नव्हती म्हणे. मग तिला एवढा मान कशाचा?

उत्तर : कामाचा. ड्रॅग म्हणजे रंगभूषा, विग आणि पोशाखाच्या जोरावर, बहुधा स्त्रीचं, पात्र रंगमंचावर उभं करण्याची कला. या कलेच्या ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ या अमेरिकेतल्या टीव्ही स्पर्धेच्या चौथ्या पर्वात ती 2012 साली उतरली आणि आठव्या क्रमांकावर बाहेर पडली. टीव्हीच्या हिशेबात गोष्ट तिथेच संपते. मला तिची कारकीर्द तिथून पुढे बघायला आवडते.

जन्म 1980चा, फिलिपिन्सच्या लगुना प्रांतातल्या सान पेद्रोचा. शाळकरी वयात आई आणि भावाबरोबर न्यूयॉर्कला आली, क्वीन्समध्ये वाढली. अंगाने भरलेली आणि वर आशियाई. अमेरिकेच्या रंगमंचावर अशा कलाकाराला आधी हसण्यावारी नेतात, नाचाकडे मग बघतात. त्या पर्वात तिच्या कपड्यांवरून परीक्षकांनी तिला चांगलंच सुनावलं होतं. 2016मध्ये तिने आपण ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मताना मुलगा ठरवली गेलेली पण स्त्री असलेली व्यक्ती, असल्याचं जाहीर सांगितलं, आणि ज्या काळात ड्रॅगच्या स्पर्धेत ट्रान्स स्त्रियांनी यावं की नाही यावर वाद झडत होते, त्या काळात सांगितलं. 2018मध्ये ‘पोझ’ मालिकेत भूमिका, त्याच वर्षी स्वतःचा अल्बम, 2021मध्ये पुन्हा स्पर्धेत, आणि 2022मध्ये ‘ड्रॅग रेस फिलिपिन्स’च्या पहिल्या पर्वात परीक्षक.

ही शेवटची पायरी मला सगळ्यात मोठी वाटते. जिच्या कपड्यांना नावं ठेवली गेली, तीच आता मायदेशी जाऊन नव्या मुलींचे कपडे पारखणार होती! त्या कार्यक्रमात टागालोग ही तिथली भाषा आणि इंग्रजी सर्रास मिसळून बोलतात, घरगुती विनोद चालतात. लहानपणी देश सुटलेली बाई त्या खुर्चीवर बसून खळखळून हसते, चुकलेल्याला तोंडावर सांगते आणि चांगल्या कामाला डोळ्यांत पाणी आणून दाद देते. तिथल्या कलाकारांनी तिला आपली मानली ती यामुळे. एप्रिल 2025मध्ये गंभीर संसर्गामुळे तिचा उजवा पाय काढावा लागला आणि 27 एप्रिलला ती गेली. वय अवघं 44.

प्रश्न : मनिलात ड्रॅगवर घर चालतं का?

उत्तर : चालतं, पण मुकुटावर नाही. ‘ड्रॅग रेस फिलिपिन्स’च्या पहिल्या पर्वाची विजेती प्रेशस पॉला निकोल हिला दहा लाख पेसो मिळाले. पण ती काही टीव्हीने घडवलेली नव्हती. ब्रिगिडिंग आणि व्हिन्यास डिलक्स यांच्याबरोबर ‘डिव्हाइन डिवाज’ म्हणून ती कितीतरी आधीपासून नाचत होती. या तिघी मनिलातल्या ‘ओ बार’ या बारमधल्या. पहाटेपर्यंत जागणाऱ्या, समोर बसून जेवणाऱ्या-पिणाऱ्या लोकांना गप्प करायचं, हे शिक्षण टीव्ही देत नाही. मार्च 2020मध्ये टाळेबंदी आली, बार बंद झाले, आणि ज्यांचं पोट त्या रात्रींवर होतं त्यांना मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नाचून ऑनलाइन टिप मागावी लागली.

खर्चाकडे मी रंगभूषेच्या नजरेने बघते. भुवया लपवायला ग्लूस्टिकचे थर एकावर एक, प्रत्येक थर वाळू द्यायचा, चमच्याच्या पाठीने दाबायचा, वर पावडर, वर कन्सीलर, आणि मग इंचभर वर नवी भुवई रेखायची. कमरेला फोम कापून बसवायचा, तो दिसू नये म्हणून एकावर एक टाइट्स. त्यावर विग, पोशाख, टाचा. हे सगळं बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून, आणि घामाने तासाभरात खराब होणारं. म्हणून तिथले कलाकार एका बारवर विसंबत नाहीत. गावच्या फिएस्टातल्या, म्हणजे जत्रेतल्या, ‘मिस गे’ स्पर्धा, कंपन्यांचे समारंभ, कॉमेडी बार, मिळेल ते ‘राकेत’, म्हणजे सुटं काम, घेतात. आज टीव्हीवर राज्य करणारी व्हाइस गांदासुद्धा कॉमेडी बारमधूनच वर आली.

प्रश्न : आणि वय झाल्यावर?

उत्तर : यावर लिहिताना माझा जीव तुटतो. 1970च्या दशकात मनिलालगतच्या पासाय शहराचे नगरसेवक आणि स्तंभलेखक हुस्तो हुस्तो यांनी घराबाहेर काढलेल्या वृद्ध समलिंगी पुरुषांना आपल्या घरात आसरा दिला. हेच ‘गोल्डन गेज’. 2012मध्ये हुस्तो गेले आणि या मंडळींना ते घर सोडावं लागलं. त्यानंतरही त्यांनी सौंदर्यस्पर्धांचे प्रयोग थांबवले नाहीत. सत्तरीतली माणसं गाऊन घालून, मुकुट चढवून प्रेक्षकांसमोर चालतात, आणि त्या पैशांतून भाडं, तांदूळ, औषधं येतात. लोक याला प्रेरणादायी म्हणतात. मला त्यात आधी निवृत्तिवेतन नसलेला कलाकार दिसतो. लैंगिक ओळखीवरून भेदभाव करू नये, असं सांगणारं विधेयक तिथल्या संसदेत 2000 साली पहिल्यांदा आलं. पाव शतक उलटलं तरी कायदा झाला नाही.

प्रश्न : बालगंधर्वांच्या परंपरेत हे बसतं का?

उत्तर : फारसं नाही. ‘एकच प्याला’मधली सिंधू गडकऱ्यांनी लिहिली, बालगंधर्वांनी उभी केली. ड्रॅगमध्ये नाव, स्वभाव, चाल, विनोद, सगळं कलाकाराने स्वतः रचलेलं असतं आणि तो ते वर्षानुवर्षं वागवतो. तुलना करायचीच तर ‘ड्रॅग रेस फिलिपिन्स’चा सूत्रसंचालक, अभिनेता पाओलो बॅलेस्टेरोसशी करा. नुसत्या रंगभूषेवर तो नामवंत नट्यांचे चेहरे हुबेहूब उभे करतो, आणि एका ट्रान्स सौंदर्यस्पर्धकाच्या भूमिकेसाठी 2016 साली टोकियोच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं.