जपानने माफी मागितली, पैसेही दिले. तरी कोरियातल्या ‘कम्फर्ट वुमन’चा वाद का मिटत नाही?

‘कम्फर्ट वुमन’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराच्या वेश्यागृहांत ठेवलेल्या स्त्रिया. पैसे कोणी आणि कशापोटी दिले, हे आधी पाहा. १९६५च्या करारात जपानने दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान व २० कोटी डॉलर कर्ज दिले. परस्परांचे दावे मिटले असे ठरले, पण या स्त्रियांचा त्यात उल्लेखही नाही. त्यांच्यापैकी किम हाक-सुन यांनी नाव न लपवता जाहीर साक्ष दिली ती थेट १४ ऑगस्ट १९९१ रोजी. त्यानंतर इतिहासकार योशिआकी योशिमी यांनी लष्कराची कागदपत्रे उजेडात आणली आणि १९९३च्या कोनो निवेदनात जपान सरकारने लष्कराचा सहभाग मान्य करून माफी मागितली. मात्र १९९५च्या आशियाई महिला निधीतून देऊ केलेले प्रत्येकी २० लाख येन जपानी नागरिकांच्या देणग्यांतले होते. सरकार कायदेशीर जबाबदारी घेत नव्हते, म्हणून कोरियातल्या बहुतेकींनी ते नाकारले. २०१५मध्ये दोन्ही सरकारांत झालेल्या समझोत्यानुसार १०० कोटी येन जपानच्या सरकारी तिजोरीतून आले आणि हयात ४७ पैकी ३४ जणींनी रक्कम स्वीकारलीही. पण प्रश्न ‘अंतिम व अपरिवर्तनीय’ रीतीने सुटला, असे दोन सरकारांनी या बायकांना नीट विश्वासात न घेताच जाहीर केले. माझ्या मते ही जखम त्यामुळेच पुन्हा उघडली.

दुसरा वाद बळजबरीचा. कोरियातल्या जेजू बेटावर आपण बायका पकडून नेल्या, ही सेइजी योशिदा या जपानी माणसाची कहाणी खोटी ठरली. २०१४मध्ये ‘असाही शिंबून’ या जपानी वृत्तपत्राने त्यावरच्या बातम्या मागे घेतल्या. तेवढ्यावरून सगळेच खोटे म्हणणाऱ्यांनी १९४४चा अमेरिकी अहवाल क्र. ४९ पूर्ण वाचावा. ब्रह्मदेशात मिच्चिनाजवळ सापडलेल्या २० कोरियन तरुणींच्या चौकशीचा तो अहवाल आहे. त्या बऱ्यापैकी ऐषारामात राहत होत्या, हे त्यातले वाक्य नेहमी पुढे केले जाते. पण इस्पितळात जखमींची सेवा करायची आहे असे खोटे सांगून दलालांनी त्यांना नेले, घरच्यांना काहीशे येन उचल देऊन अडकवले आणि कमाईतला निम्मा किंवा जास्त वाटा मालक घेत असे, हेही तिथेच लिहिले आहे. तिच्यावर संगीन रोखली नव्हती म्हणून ती राजीखुशीने गेली, असे होत नाही. फसवून नेलेल्या, कर्जात बांधलेल्या मुलीला रणभूमीवरून घरी परतायची वाट कुठे होती?

एकूण संख्येवरही मतभेद आहेत. इतिहासकार इकुहिको हाता यांचा अंदाज सुमारे २० हजारांचा, तर योशिमींचा ५० हजार ते २ लाखांचा. हे आकडे फक्त कोरियन स्त्रियांचे नाहीत.

न्यायालयाचे सांगायचे तर, नोव्हेंबर २०२३मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने जपान सरकारने भरपाई द्यावी असा निकाल दिला. परक्या सरकारावर असा खटलाच चालू शकत नाही, अशी जपानची भूमिका आहे.