नोकरीला लागलास, आता संघटनेत ये

कोकण भवनात सरकारी नोकरीत नव्याने रुजू झालायस, तर कर्मचारी संघटनेचं सभासदत्व लांबणीवर टाकू नकोस. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलाय. फक्त तिला शासनमान्यता आहे का ते बघ, वर्गणीची पावती माग.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन, म्हणजे निवृत्तीनंतर शेवटच्या पगारावर ठरणारी हमीची पेन्शन, गेली. मार्च २०२३ चा संप ती परत मिळावी यासाठीच होता. पण संपाचा मूलभूत हक्क आपल्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलंय. संपात उतरलास तर पगार कापला जाऊ शकतो, घरी आधीच बोलून ठेव.

आणि तक्रार तोंडी कधीच करू नकोस. लेखी अर्ज दे, आपल्या प्रतीवर आवक शिक्का (अर्ज कार्यालयात पोचल्याचा), तारीख, सही घे. बदली असो वा रखडलेली वेतनवाढ, संघटनेचे पदाधिकारी साहेबांसमोर तोच कागद ठेवतात.