पट्टी मारली, तडा शेजारी गेला

प्रश्न : आमच्या व्हायब्रेटिंग स्क्रीनच्या, म्हणजे थरथरणाऱ्या चाळणीच्या, चौकटीला आडव्या बीमच्या सांध्यापाशी तडा जातो. तीनदा वेल्डिंग करून घेतलं. दर वेळी काही आठवड्यांत वेल्डच्या कडेनेच पुन्हा उघडतो. शेवटी वरून जाड पट्टी मारली, तर आता पट्टीच्या टोकाला तडा. आणि हे सगळं एकाच कोपऱ्यात. जास्त ताकदीचं स्टील वापरावं का?

उत्तर : स्टील बदलू नका, पैसे वाया जातील. वेल्डच्या कडेला सूक्ष्म खाचा जन्मतःच असतात. थकव्याचा तडा, म्हणजे ताण सतत कमीजास्त होऊन पडणारा तडा, तिथूनच वाढत जातो, आणि त्या वाढीला स्टील किती भारी आहे याच्याशी जवळजवळ देणंघेणं नसतं. त्याला कळतो तो ताणाचा चढउतार. तो निम्मा केलात तर सांध्याचं आयुष्य साधारण आठपट होतं.

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य ‘एकाच कोपऱ्यात’ हे आहे. वेल्डर सगळीकडे तोच असताना तीन कोपरे शाबूत कसे? त्या कोपऱ्याची स्प्रिंग दबून खाली बसली आहे का, तिची उंची बाकीच्यांशी मोजून बघा. बोल्ट ढिले आहेत का, पायाखालचा आधार सपाट आहे का, तेही बघा. हे न करता वेल्ड भरत राहिलात, तर पुढच्या अंकात पुन्हा तुमचंच पत्र येईल.

पट्टीबद्दल मी तुम्हाला हसणार नाही. उमेदवारीच्या दिवसांत एका कन्व्हेयरच्या फ्रेमला मीही अशीच पट्टी मारली होती, चारही बाजूंनी छान वेल्ड करून. पट्टी जिथे संपते तिथे कडकपणा एकदम बदलतो आणि ताण नेमका तिथे गोळा होतो. महिन्याभरात तडा पट्टीच्या टोकाला हजर! उत्तर समुद्रातला ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता मंच १९८० साली उलटला, १२३ माणसं गेली. सुरुवात झाली होती एक किरकोळ उपकरण बसवायला मारलेल्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपासून. म्हणून चालत्या चौकटीवर हुक, क्लिप, काहीही चिकटवण्याआधी मी आता दहादा विचार करतो.

आता दुरुस्ती. पट्टी काढा, रंग खरवडा आणि डाय टेस्ट करा, म्हणजे तड्यात शिरणारा रंगीत द्रव लावून तडा कुठवर आहे ते बघा. डोळ्यांना तडा संपलेला दिसतो त्याच्या पुढेही तो असतो. टोक नक्की सापडलं की तिथे आरपार होल मारा, टोक होलच्या आत गेलंच पाहिजे. याने तडा थांबतो, पण तात्पुरताच. मग तडा पूर्ण लांबीभर खोदून काढा आणि भरण्याआधी पुन्हा डाय टेस्ट. लोक इथेच घाई करतात, आणि तळाशी राहिलेली केसाएवढी रेघ नव्या वेल्डखाली गाडली जाते. वेल्डिंग रॉड कमी हायड्रोजनचे, ७०१८ क्रमांकाचे चालतील, पण ओव्हनमधून काढलेले. महिनाभर उघड्यावर पडलेले नकोत. प्लेट जाड असेल तर आधी तापवून घ्या. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन तेही खराब होईल.

शेवटी वेल्डची कड बर ग्राइंडरने, म्हणजे छोट्या फिरत्या टोकाच्या ग्राइंडरने घासा, कडेची खाच नाहीशी होऊन आणखी अर्धा मिलिमीटर खाली जाईपर्यंत. घासल्याचे ओरखडे वेल्डला आडवे राहू द्या, वेल्डच्या लांबीने नकोत. लांबीने पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याला आखून दिलेली रेघ. स्प्रिंगची मापं मात्र आधी घ्या.