विंडोजमध्ये फाइल लवकर सापडत नाही, सर्च नुसता फिरत राहतो. एखादं हलकं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे का?

आहे. व्हॉइडटूल्सचं ‘एव्हरीथिंग’ डोळे झाकून घ्या. ते फोल्डरमागून फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली ठेवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर सगळ्या फायलींच्या नावांची एक नोंदवही असते, थेट तीच वाचतं. त्यामुळे अक्षर टाइप करताच यादी गाळून समोर येते. नाव अर्धवट आठवत असलं तरी चालतं: ‘लाईट बिल मार्च’ असे तुकडे मध्ये जागा सोडून टाका, क्रम चुकला तरी बिघडत नाही. नावच आठवत नसेल तर बदलाच्या तारखेच्या रकान्यावर क्लिक करा, ताज्या फायली वर येतात. मात्र हे शोधतं ते नावावरून. फाइलच्या आतला मजकूर हवा असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो आणि तो बराच रेंगाळतो.

जाता जाता, विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज बटण आणि व्ही एकत्र दाबून क्लिपबोर्ड हिस्ट्री चालू करा. आधी कॉपी केलेल्या २५ गोष्टी तिथे मिळतात. पत्ता, जीएसटी नंबर असं नेहमी लागणारं पिन करून ठेवा, मशीन बंद केलं तरी राहतं. कॉपी केलेला पासवर्डही त्यात दिसू शकतो, तेव्हा ऑफिसच्या सामायिक पीसीवर हे नकोच.